बासच्या गळाची निवड



गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. त्यामुळे या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मनात बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असाच काही विषय असणार हे उघड होते. मी त्यांना म्हणालो, "त्या विषयांवर मी बारा महिने बोलतो आणि लोक मधूनच उठून जातात. या खेपेला मला मासे धरायच्या काठीवर बोलू द्या." ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. पण नाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आपल्यापैकी ज्यांना मासा वर्ज्य आहे त्यांनी भिऊ नये. ज्या माशाविषयी मी बोलणार आहे तो पकडून बहुधा पुन्हा पाण्यात सोडून देतात. आणि मी काही विद्वान नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या वर्तमानपत्रांवर आणि नगर वाचनालयाच्या कपाटांवर झाले. तेव्हा जे हाताने केले आणि नंतर वाचून ताडून पाहिले, तेवढेच सांगतो.

2019 सालच्या एप्रिलमध्ये मी कामगारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेत गेलो होतो. अलाबामा राज्यात आमची सोय तिथल्या कामगारांच्या घरी केली होती. माझे यजमान टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. तिथे संघटनेतले लोक एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. माझे नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून मीही ब्रदरच झालो. रविवारी ते मला गंटर्सव्हिलच्या तलावावर घेऊन गेले. टेनेसी नदीवर 1939 साली पुरे झालेल्या धरणाचा हा तलाव. आपल्या दामोदर खोरे महामंडळाला ज्या योजनेचा नमुना मिळाला, तिच्यातलेच हे एक धरण. आज तो तलाव ओळखला जातो तो बास माशासाठी.

वाटेत सामानाचे दुकान लागले. कोकणातल्या खाडीवर लहानपणी मी पुष्कळ गरवले आहे. बांबूची काठी, दहा हात तंगूस, गळ आणि गांडूळ, एवढाच आमचा संसार. त्या दुकानात शेकडो काठ्या उभ्या होत्या. मी सरळ सगळ्यांत जाड काठीला हात घातला आणि सगळ्यांत जाड दोरी मागितली. जाड ते बळकट, हा आपला सिद्धांत! ब्रदर हसले. म्हणाले, "दुकानदार काठीपासून विकायला सुरुवात करतो. तू माशापासून निवडायला सुरुवात कर."

मंडळी, माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार या एका वाक्यात आहे. पुढचा सगळा विस्तार त्याचाच.

तर आधी मासा. मोठ्या तोंडाचा बास हा दबा धरणारा शिकारी आहे. पाणगवताच्या कडेला, बुडालेल्या झाडाच्या सावलीत तो निश्चल उभा राहतो आणि घास टप्प्यात आला की झडप घालतो. वसंतात पाणी पंधरा-अठरा अंश सेल्सियसवर आले की तो उथळात येतो. नर तळाशी घरटे करून अंडी राखतो. म्हणजे गळ टाकायचा तो अडचणीच्या जागी. मोकळ्या पाण्यात मासा नाही, आणि जिथे मासा आहे तिथे गळ अडकतो. निवडीचा सगळा गुंता इथे आहे.

माशानंतर आमिष. बाससाठी बहुधा नकली आमिष वापरतात, आणि त्यांचे प्रकार मोजू लागलो तर रात्र पुरणार नाही. पण ब्रदर म्हणाले, नवशिक्याला तीन पुरतात. पहिले, मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ. याच्या अंगातच गळाचे टोक दडवून ठेवतात, म्हणजे ते गवताला आणि लाकडाला अडकत नाही. मासा चावला की टोक बाहेर येते. दुसरे, फिरत्या पात्याचे. पाते पाण्यात चमकते आणि थरथरते. गढूळ पाण्यात माशाला ते दिसण्याआधी जाणवते. तिसरे, पाण्यावर तरंगणारे पोकळ रबरी बेडूक, दाट पाणगवतावरून ओढायचे. रंगाचा नियम साधा आहे. नितळ पाण्यात नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात एकदम गडद किंवा एकदम भडक.

जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. मंदीचे दिवस होते. त्याच्यापाशी आणि त्याच्या सोबत्यापाशी मिळून एकच काठी आणि एकच नकली आमिष होते, असे सांगतात. घरच्यांनी तो मासा खाल्ला. पुढे 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात त्या विक्रमाची बरोबरी झाली, पण तो स्पष्टपणे मोडला गेला नाही. तेव्हा पेटीभर आमिषे घेणाऱ्याने पेरीचे स्मरण ठेवावे.

आमिषानंतर दोरी. तिच्या मुख्य जाती तीन. पहिली नायलॉनची, म्हणजे आपले तंगूस. ती ताणली की लांबते, त्यामुळे माशाचा हिसका सोसते, स्वस्त आहे, पण उन्हाने आणि पाण्याने निकामी होते, म्हणून निदान वर्षाने बदलावी. दुसरी फ्लुओरोकार्बनची. ती पाण्यात बुडते, कमी दिसते आणि घासले तरी लवकर हार मानत नाही. तिसरी गोफाची, बळकट पॉलिथिलीन तंतूंची विणलेली. ती लांबत नाही, आणि तीस पौंड पेलणारा गोफ आठ पौंडांच्या नायलॉनइतकाच बारीक असतो. माझा जाड-बळकटीचा सिद्धांत इथेच बुडाला! दाट गवतात बेडूक ओढायचा असेल तर पन्नास पौंडांच्या पुढचा गोफ. नितळ पाण्यात हलके गांडूळ टाकायचे असेल तर आठ-दहा पौंडांची नितळ दोरी. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाने दोरी तिथेच भाजते.

मग रीळ. त्याचे कूळ दोन. एकात दोरीचे रीळ स्वतः गरगर फिरते. नेम चांगला लागतो, जड आमिष आणि जाड दोरी त्याला मानवते. पण आमिष पाण्यात पडले तरी रीळ फिरतच राहिले की दोरीचा असा गुंता होतो की बोलायची सोय नाही. अंगठ्याने ते वेळेवर थोपवायला शिकावे लागते. दुसऱ्यात रीळ स्थिर राहते आणि दोरी त्याच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटत जाते. हलक्या आमिषाला आणि नवशिक्याच्या हाताला हे बरे. दोन्हींत चकत्यांचा एक घसरता ब्रेक असतो. दोरी जेवढे वजन पेलते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा ओढ बसली की त्याने दोरी सोडली पाहिजे. ब्रेक करकचून आवळणारा मासाही घालवतो आणि दोरीही.

आणि शेवटी काठी. तिच्याविषयी दोन प्रश्न विचारायचे: किती वाकते, आणि कुठे वाकते? पहिला तिच्या ताकदीचा, दुसरा तिच्या स्वभावाचा. नुसते टोक वाकणारी काठी झटका लगेच पोचवते. दडवलेल्या गळाचे टोक जबड्यात रुतवायला तीच हवी. कमरेपासून वाकणारी काठी तिकाटी गळांच्या आमिषाला हवी, कारण ती नमते आणि लहान गळ माशाच्या तोंडातून निसटू देत नाही. साडेसहा ते सात फूट लांबी बहुतेक कामाला पुरते. काठीवर मुठीजवळ लिहिलेले असते, अमुक ते अमुक वजनाचे आमिष, अमुक ते अमुक पौंडांची दोरी. ते वाचावे. जाड काठीला सात ग्रॅमचे आमिष लावले तर ती वाकतच नाही, आणि वाकली नाही तर फेकणार कशी? ब्रदरनी मला तासभर माझ्या हट्टाची काठी वापरू दिली. आमिष माझ्या पायाशी पडत होते आणि रिळाचा गुंता मांडीवर. मग त्यांनी न बोलता आपली स्थिर रिळाची काठी माझ्या हातात दिली.

ते रीळ पाहून मी चमकलो. हे मी कुठेतरी पाहिले होते. गिरणीत!

माझे वडील मुंबईला एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. लहानपणी डबा घेऊन गेलो की ते मला माग दाखवीत. धोट्यात सुताची कांडी असते. धोटा इकडून तिकडे धावतो, पण कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून घसरत सुटते. म्हणून ते तुटत नाही. स्थिर रिळाची युक्ती नेमकी हीच! घरी आल्यावर वाचले तेव्हा उलगडा झाला. 1905 साली या रिळाचे पेटंट घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातला माणूस होता. तो कामगार नव्हता, मालक वर्गातला होता. हे माझ्या धंद्याला शोभत नसले तरी खरे ते सांगितले पाहिजे.

आणखी शोधत गेलो. फिरते रीळ अमेरिकेत घडवले ते केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बांबूच्या पट्ट्या सांधून काठी केली ती ईस्टनच्या सॅम्युएल फिलिपी या बंदुका घडवणाऱ्या कारागिराने, 1840च्या दशकात. आणि त्या काळच्या अमेरिकन काठ्यांचा बांबू आपल्याकडून जाई, तिथे त्याला कलकत्ता बांबूच म्हणत. प्लॅस्टिकचे गांडूळ 1949 साली ओहायोतल्या निक क्रीम या यंत्रकामगाराने आणि त्याच्या बायकोने घरी ओतले. बंद डब्याचे सोपे रीळ टेक्ससच्या आर. डी. हल या घड्याळजीने काढले. ज्याच्या हाताला जे काम ठाऊक होते, ते त्याने पाण्यावर नेले.

पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हते. दुपारी एका बुडालेल्या झाडाजवळ माझे गांडूळ कोणीतरी उचलले. दोरी आडवी सरकली. मी झटका दिला आणि काठी कमान झाली. मासा एकदा पाण्याबाहेर आला, एवढे मोठे तोंड उघडून मान झटकली, आणि दोरी तुटली. मी दोरीला शिव्या घातल्या. ब्रदरनी तुटके टोक घेतले, दोन बोटांच्या चिमटीतून फिरवले आणि म्हणाले, "गाठ शाबूत होती. ही सकाळपासून लाकडाला घासत होती. तू एकदा तरी हात लावून पाहिलेस का?"

मला लाज वाटली ती मासा गेल्याची नव्हे. दादांचे आयुष्य दोन बोटांच्या चिमटीतून सूत फिरवण्यात गेले होते. जाड-बारीक, कच्चे, घासलेले त्यांना न पाहता समजे. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. मी बारा वर्षांचा होतो. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा दादांना परत घेतले नाही. पुढे ते एका इमारतीवर रखवालदार होते. कोणी काही विचारले तर म्हणत, "या हातांना आता काय येतं?" मी संघटनेत शिरलो तो या वाक्याला उत्तर शोधायला. मोर्चे काढले, खटले लढवले; उत्तर सापडले नव्हते.

त्या दिवशी मी टोक कापले, नवी गाठ मारली, आणि दर पाच-सहा फेकींनंतर दोरी चिमटीतून फिरवू लागलो. संध्याकाळी अडीच पौंडांचा एक बास लागला. त्याला पाण्यात धरून थोडा दम घेऊ दिला आणि सोडला.

निघताना ब्रदरनी ते रीळ मला भेट दिले. घरी आल्यावर ते दादांच्या हातात दिले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दृष्टी मंदावली होती. त्यांनी रीळ चाचपले, टोकावरून दोरी ओढली आणि म्हणाले, "ही तर कांडी." मग दोरी चिमटीतून ओढत राहिले. वीस-बावीस हात गेल्यावर थांबले. "इथे खरवडलंय. इथून तोड. सांधत बसू नको." मला बोटाला काही लागेना. उजेडात धरले तेव्हा केसाएवढा पांढरा ओरखडा दिसला. मी त्यांना इलिंगवर्थची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मालक होता? मग खात्यात येऊन उभा राहिला असणार."

आता कोणी म्हणेल, आपल्या तलावांतही बास आणून सोडू या. कृपा करून सोडू नका. जपानने 1925 साली तो आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला, आणि 2005 साली त्याच्याविरुद्ध कायद्याचा आधार घ्यावा लागला. आपल्याकडे मरळ आहे. तीही गवतात दबा धरते आणि रबरी बेडकावर तशीच झेप घेते. तिथेही निवड माशापासूनच करायची: मासा, पाणी, आमिष, दोरी, रीळ, काठी, आणि सगळ्यांच्या शेवटी आपला हात.

दादा 2021 साली गेले. ते रीळ मी आज बरोबर आणले आहे. इथे टेबलावर ठेवतो. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हाताळायचे असेल त्यांनी खुशाल हाताळावे. मात्र आधी दोरी दोन बोटांतून फिरवून पाहावी.