पाठ उसवलेलं पुस्तक घे

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'ना' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर जे मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच अर्थाचे होते. दादा, वाचायचं आहे, पुस्तक आणतो, वीस-पंचवीस पानं होतात आणि मग सुटतं. धरून ठेवणारं काहीतरी सांग.

यादी सांगणं सोपं आहे. पण यादीनं माझं काय झालं ते आधी ऐका. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी ऑनलाइन अकरा पुस्तकं मागवली. 'मराठीत ही वाचलीच पाहिजेत' अशा एका यादीवरून. त्यातली दोन पूर्ण झाली. 'कोसला' चाळीस पानांवर सोडलं आणि पुढे वर्षभर मित्रांना 'वाचतोय' म्हणून सांगत राहिलो. बाकीची कपाटावर धूळ खात पडली. आई दर रविवारी ती पुसायची आणि काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं. मी मनाशी ठरवून टाकलं की आपण काही वाचणाऱ्यातले नाही. बी. टेक. झालंय, कोड वाचता येतो, तेवढं पुरे.

मग हे बदललं ट्रेनमध्ये. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, तेव्हा मी दहावीत होतो. त्याआधी विरारला उतरून बदलायचं किंवा शटल धरायची. आता बोईसर ते अंधेरी जवळपास दोन तास, आठवड्यातून तीन दिवस. सफाळे सुटलं की वैतरणा खाडीच्या आसपास माझ्या फोनची रेंज जाते. रील गोल गोल फिरत राहतं. अशाच एका सकाळी मान वर केली, तर समोरचे काका एक जाडसर, लाल रेक्झिनच्या बांधणीचं पुस्तक वाचत होते. उमरोळीपासून विरारपर्यंत माणसानं मान वर केली नव्हती. विरारला गर्दी घुसली तरी एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. मी शेवटी विचारलंच, काका, काय आहे? ते म्हणाले, "धारप. रात्री वाचू नको."

नारायण धारप. 'तुंबाड' पाहिलाय ना तुम्ही? त्याच्या दिग्दर्शकानं सांगितलंय की मित्राकडून ऐकलेल्या धारपांच्या एका गोष्टीनं त्याला झपाटलं होतं, आणि त्यातून तो सिनेमा झाला. मी सिनेमा दोनदा पाहिला होता, आणि हे नाव मला माहीत नव्हतं. काकांचं पुस्तक होतं वाचनालयाचं. आमच्याच भागातल्या एका जुन्या वाचनालयाचं, जिच्या खालच्या दुकानातून मी शाळेपासून वह्या आणि झेरॉक्स घेत आलोय. वरचा जिना कधी चढलो नव्हतो.

चढलो. वर्गणी आणि अनामत मिळून एका पिझ्झ्याइतकेही पैसे झाले नाहीत. ग्रंथपाल बाईंना मी तुमचाच प्रश्न विचारला, चांगलं काय आहे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं मला विचारू नकोस. पाठ उसवलेलं पुस्तक घे."

मला कळलं नाही. त्यांनी एक पुस्तक उघडून शेवटचं पान दाखवलं. तिथे तारखांचा कागद चिकटवलेला असतो, परत करायच्या तारखेचे शिक्के मारलेला. त्या पुस्तकात एकावर एक असे तीन कागद होते. लोकांनी ते पुस्तक ओळीनं, पंधरा-पंधरा दिवसांनी, वर्षानुवर्षं नेलेलं. शेजारचं पुस्तक कोरं करकरीत, तीस वर्षांत चार शिक्के. शेजारच्या पुस्तकाला मोठा पुरस्कार होता, हे वेगळं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं बोलतो. मी ऑफिसात जे करतो त्यात शिफारशीचा भाग येतो. 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' असं जे ॲप दाखवतं, ते. हे चालतं कशावर, तर आधीच्या लोकांनी मागे ठेवलेल्या खुणांवर. ज्या वस्तूला खुणाच नाहीत ती कुणालाच दाखवली जात नाही, आणि दाखवली जात नाही म्हणून तिला खुणा होत नाहीत. आम्ही याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. मराठीतल्या जुन्या पुस्तकांचं नेमकं हेच झालंय. ती ज्यांनी वेड्यासारखी वाचली ते लोक कधी ॲपवर आलेच नाहीत. म्हणून फोनवर शोधलं की तीच दहा-बारा नावं येतात. आणि खरा डेटा आमच्या इथे, झेरॉक्सच्या दुकानावर, शिक्क्यांच्या शाईत पडून आहे. मला त्या दिवशी जरा लाजच वाटली.

तर तुमच्यासाठी युक्ती एवढीच. जवळचं वाचनालय शोधा, कपाटासमोर उभे राहा, पाठ उसवलेली पुस्तकं काढा, शेवटचं पान बघा. मग मधलंच कुठलंही एक पान उभ्या उभ्या वाचा. पहिलं पान नको, पहिल्या पानावर प्रत्येक लेखक शहाण्यासारखा वागतो.

या पद्धतीनं मला काय काय मिळालं! रहस्यकथांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकर. या माणसानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आज वाचताना थोडा नाटकी वाटतो, खोटं कशाला बोलू, पण चर्चगेटच्या आत संपतो. सुहास शिरवळकर, म्हणजे 'दुनियादारी'वाले, त्यांच्याही रहस्यकथा तिथेच. मग विज्ञानकथा. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' कशी आली माहितीये? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तोवर जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. नावामुळे बक्षीस नको म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या अक्षरात. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

आणि एक असं, जे मी यादीत पाहिलं असतं तर कधीच उचललं नसतं. 'माझा प्रवास', विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक, घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो, आणि वर्ष कुठलं, तर १८५७. सरळ बंडाच्या मधोमध सापडतो. झाशीचा वेढा आतून बघतो. मिळवलेले पैसे लुटले जातात. आणि शेवटी घरी काय घेऊन येतो, तर आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड. त्यांनी हे १८८३ च्या सुमारास लिहिलं, छापलं गेलं १९०७ मध्ये. माणूस इतका साधा बोलतो की भीतीसुद्धा साधेपणानं सांगतो. मी वसई रोडला उतरणाऱ्या मित्राला त्यातला एक प्रसंग सांगत होतो, त्याचं स्टेशन गेलं.

हे पुस्तक, किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', तुम्ही फोनवरही वाचू शकता. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. त्यामुळे अशा पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या जुन्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. फक्त कालच्या पुस्तकांच्या टेलिग्रामवरच्या पीडीएफ मागू नका, त्या मी पाठवणार नाही.

तर असं चाललं होतं आणि मी खूश होतो. भुताची, खुनाची, अवकाशाची, प्रवासाची, काहीही आणत होतो. मग मला एक खेळ सुचला. आपल्या लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनाचं एक पुस्तक शोधायचं. मला वाटायचं पालघर-बोईसरबद्दल कोण लिहिणार? तारापूरचा अणुप्रकल्प आणि केमिकलचा वास, एवढीच आमची ओळख. तर केळवे रोडलाच अडकलो. केळवे-माहीम. 'महिकावतीची बखर' नावाची एक बखर आहे, राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली. तिच्यातली महिकावती म्हणजे हेच माहीम, असं म्हणतात. त्यातला जुना भाग पंधराव्या शतकातला. वाचायला जड आहे, मी अर्धीच वाचली, पण रोज ज्या स्टेशनवरून गाडी नुसती पुढे जाते त्याच्या नावाला सहाशे वर्षांचा कागद आहे म्हटल्यावर खिडकीतून बघणं बदलतं.

डहाणूसाठी मी बाईंना विचारलं. त्यांनी काही न बोलता 'जेव्हा माणूस जागा होतो' हातात दिलं. गोदावरी परुळेकर. पाठ उसवलेली होती, पुन्हा शिवलेलीही होती.

१९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. गोदावरीबाई वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, पुण्याच्या घरातल्या, आणि १९४५ मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारली लोकांमध्ये पायी फिरत होत्या. त्यांनी तिथे जे पाहिलं ते लिहिलंय. वेठ, म्हणजे जमीनदार बोलावेल तेव्हा फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघांनी सावकाराकडे राबत राहायचं, त्याला 'लग्नगडी' म्हणत. जानेवारीत इथले काही वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेले, आणि मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला हजारोंनी जमून त्यांनी ठरवलं की वेठ करणार नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीवरून संप झाला. हे सगळं माझ्या घरापासून दोन तालुक्यांच्या आत. धारपांनी मला झोपू दिलं नव्हतं, पण यानं वेगळ्या कारणानं.

कारण गवत. माझ्या आजीचं माहेर डहाणूकडचं. लहानपणी तिच्या गोष्टीत नेहमी गवताची वखार असायची. डोंगरासारख्या गंजी, मुंबईला जाणाऱ्या वॅगनी, आणि तिचे वडील वखारीवर 'लिहायला' होते. आमच्या घरात ती सगळी सोन्याच्या दिवसांची गोष्ट होती. मी ती शंभरदा ऐकलीय. त्यात गवत कापणारं माणूस एकदाही आलं नव्हतं.

पुस्तक परत करायची तारीख उलटली तरी मी दिलं नाही. एका रविवारी आजीपाशी बसलो. विचारलं, आजी, तुझे बाबा वखारीवर काय लिहायचे गं? "वजनं," म्हणाली. कापणाऱ्यांनी आणलेल्या गवताची? "हो." मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. खरं वजन लिहायचे का?

ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "काटा शेठचा होता. वही माझ्या वडलांची."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही. आई आतून बघत होती, तिनं मला डोळ्यांनीच गप्प बस सांगितलं. संध्याकाळी आजीनंच हाक मारली, "ते पुस्तक आण रे, मला दिसत नाही, तू वाच." तिला वाचून दाखवायला मला महिना लागला, आणि दंडाचे पैसे बाईंनी एक रुपयाही सोडले नाहीत. वाचताना ती मध्येच एखाद्या गावाचं नाव आलं की थांबवायची आणि तिथे कोण राहायचं ते सांगायची. यातली काही माणसं वहीतली होती. तिला नावं आठवत होती, म्हणजे तिच्या बाबांनी ती घरी कधीतरी घेतली असणार. हे मी रेकॉर्ड केलेलं नाही, करावंसं वाटलं नाही.

मला माहितीये, तुम्ही धरून ठेवणारं पुस्तक मागितलं होतं आणि मी कुठे आलो. पण मला सगळ्यात घट्ट धरलं ते यानं. आणि हे माझ्या कुठल्याही आवडीच्या प्रकारात बसत नव्हतं. ॲपला विचारलं असतं तर त्यानं धारपांनंतर धारपच दिले असते. मी एका गोष्टीचा माग काढत गेलो, आधी भीतीचा, मग स्टेशनांचा, मग गवताचा. त्या मागावर कादंबरी आली काय, बखर आली काय, मला फरक पडेनासा झाला.

सध्या आम्ही कविता महाजनांची 'ब्र' वाचतोय. आदिवासी भागातल्या पंचायतीत निवडून आलेल्या बायकांभोवतीची कादंबरी आहे. कविताताई वसईला राहायच्या. आजीला त्यातल्या शिव्या आवडत नाहीत, पण त्या गाळून वाचलं तर तिला कळतं, आणि मग ती म्हणते, "होतं तसं वाच."

'कोसला'सुद्धा परत काढलंय. सत्तरीवर आहे. बघू.

तुमच्याकडून एक हवंय. या आठवड्यात तुमच्या गावच्या वाचनालयात जा, शेवटच्या पानावर सगळ्यात जास्त शिक्के असलेलं एक पुस्तक शोधा आणि त्या कागदाचा फोटो मला पाठवा. फक्त कुणाचं नाव लिहिलेलं असेल तर ते झाका. पुस्तक आवडलं की नाही हे आत्ताच सांगू नका, आधी घरी न्या. आणि दुपारी जाऊ नका, एक ते चार बहुतेक ठिकाणी बंद असतं, मी दोनदा जिना फुकट चढलोय.