मॅपलच्या रानातले गुऱ्हाळ

गुऱ्हाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसाचा फड, चरक, चिपाडांचा जाळ आणि काहिलीतून उठणारी वाफ उभी राहते. आज मी आपल्याला ज्या गुऱ्हाळावर नेणार आहे, तिथे ऊस नाही, चरकही नाही. तिथे गुडघाभर बर्फ आहे, आणि गोडी निघते ती झाडांच्या खोडांतून! हे गुऱ्हाळ आहे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. तिथे बहुतेक लोक फ्रेंच बोलतात आणि या जागेला ‘काबान आ स्युक्र’ म्हणतात, म्हणजे साखरेची झोपडी.

माझा एक जुना विद्यार्थी मॉन्ट्रियल शहरात असतो. दोन-तीन वर्षांपूर्वी मार्चअखेर मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, “सर, बरोबर वेळेला आलात. साखरेचे दिवस चालू आहेत.” रविवारी आम्ही मॉन-सेंत-इलेर नावाच्या डोंगराच्या बाजूला निघालो. आपल्याकडे त्या दिवसांत ऊन रणरणू लागते. तिथे झाडांवर एक पान नव्हते. पण दुपारच्या उन्हाने छपरावरचे बर्फ ठिबकत होते.

या ठिबकण्यातच साऱ्याचे मर्म आहे, बरं का! मॅपलचे झाड उन्हाळ्यात पानांतून अन्न तयार करते आणि स्टार्चच्या रूपाने खोडात साठवून ठेवते. हिवाळा सरता सरता त्याचीच साखर होऊन ती रसात उतरते. रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की झाड मुळांतून पाणी वर ओढते. दिवसा ऊब आली की खोडात दाब निर्माण होतो, आणि बारीक भोक पाडले तर रस बाहेर ठिबकू लागतो. रात्री गोठले पाहिजे आणि दिवसा वितळले पाहिजे. दोहोंपैकी एक चुकले तर रस नाही. असे दिवस वर्षाकाठी जेमतेम चार-सहा आठवडे मिळतात. पुढे कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

झोपडीचा मालक पन्नाशीचा, बोलका माणूस. माझा विद्यार्थी दुभाष्या झाला. मालकाने आधी आम्हांला रानात नेले. एका खोडावर हात ठेवून तो म्हणाला, “हे भोक यंदाचं. ते गेल्या वर्षीचं, बुजत आलंय. दर वर्षी जुन्या जखमेपासून दूर नवी जागा शोधायची. भोक करंगळीहून बारीक, दोन बोटं खोल. झाड बारीक असेल तर एकच.” भोक पाडण्याजोगे खोड व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात. म्हणजे ज्याने रोप राखले, त्याच्या हाती रस यायचा तो म्हातारपणी. खरा लाभ नातवंडांचा. मालकही आजोबांनी राखलेल्याच झाडांचा रस काढत होता.

पुढच्या काही झाडांना बादल्या टांगलेल्या होत्या. मी कौतुकाने पाहू लागलो, तसा मालक हसला. “त्या पाहुण्यांसाठी!” मागच्या रानात प्लॅस्टिकच्या नळ्यांचे जाळे पसरले होते आणि पंप लावून रस थेट झोपडीत ओढला जात होता. जगातल्या मॅपलच्या पाकापैकी सुमारे ७० टक्के पाक एकट्या क्वेबेकात होतो. एवढा माल बादल्यांनी कसा निघणार?

तो रस मी चाखला. पाण्यासारखा पातळ, किंचित गोड. त्यात साखर साधारण २ टक्के. १ लिटर पाक करायला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो! आटवण्याचे भांडे आपल्या काहिलीसारखे गोल नसून लांबट, चपटे आणि कप्प्यांचे असते. पाण्याच्या उकळबिंदूहून साधारण ४ अंश वर उष्णता गेली की पाक झाला. मालक तापमापक वापरत होता, तरी पळी वर धरून पाक कसा पडतो तेही पाहत होता. मला आमचा गुळव्या आठवला.

मग जेवण. लांबच लांब बाकांवर अनोळखी कुटुंबे मांडीला मांडी लावून बसलेली, कोपऱ्यात एक जण फिडल वाजवतो आहे. वाटाण्याचे सूप, आमलेट, डुकराचे मांस, त्याच्या चरबीत मंद शिजवलेली घेवड्याची उसळ, आणि या साऱ्यांवर मॅपलचा पाक! सुके वाटाणे, घेवडा, खारवलेले मांस ही हिवाळाभर टिकणारी शिदोरी आहे. थंडी संपल्याचा आनंद उरलेल्या शिध्यानेच साजरा होतो. मी मांस खात नाही असे कळल्यावर वाढणाऱ्या बाईंनी काळजीचा चेहरा केला आणि माझ्या ताटात एकावर एक चार धिरडी ठेवली.

शेवटी सगळे बाहेर गेले. लाकडी पन्हळीत स्वच्छ बर्फ दाबून भरला होता. त्यावर अधिक आटवलेल्या पाकाच्या धारा ओतल्या, त्या क्षणात घट्ट झाल्या. काडीला गुंडाळायच्या आणि चघळायच्या. तिथे लहानथोर असा भेद राहिला नाही.

भिंतीवर मालकाच्या आजोबा-पणजोबांची चित्रे होती. मी विचारले, “ही विद्या त्यांना कोणी शिकवली?” तो थोडा थांबला. “इथल्या मूळच्या लोकांनी. त्यांचं चित्र मात्र आम्ही लावलेलं नाही.” खरेच आहे. युरोपीय लोक यायच्या आधीपासून अनिशिनाबे, होडेनोशोनी या आदिवासी लोकांना हा रस आटवणे ठाऊक होते.

२०२० साली महामारीमुळे ऐन हंगामात या झोपड्या बंद कराव्या लागल्या. कित्येक पुन्हा उघडल्याच नाहीत. २०२१ साली क्वेबेक सरकारने ‘साखरेच्या दिवसां’च्या परंपरेला प्रांताच्या वारशात अधिकृत स्थान दिले. पण मालकाला घोर होता थंडीचा. “फेब्रुवारीतच ऊब आली, रात्री गोठायच्या थांबल्या, तर कागदावरचा वारसा काय कामाचा?”

मग त्याने मला विचारले, “तुमच्याकडे साखर कशी करतात?” मी हातवारे करून गुऱ्हाळाचे वर्णन केले: मळी काढणे, काकवी, गुळाची ढेप, आल्यागेल्याला रस पाजल्याशिवाय न सोडण्याची रीत. तो म्हणाला, “छान! मुलांना नेता ना तिथे?”

श्रोतेहो, मी कोल्हापूर जिल्ह्यातला. आमच्या घरचे गुऱ्हाळ माझ्या लहानपणीच मोडले; ऊस कारखान्याला जाऊ लागला. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने उकळती काहील पाहिलेली नव्हती. मी उत्तर दिले नाही.

परत आल्यावर त्याच हिवाळ्यात मी तिला आणि शेजारच्या आठ-दहा मुलांना एका गुऱ्हाळावर घेऊन गेलो. गुळव्या आधी वैतागला. “जाळाजवळ पोरं नकोत,” म्हणाला. मग त्यानेच मुलांना लांब उभे करून पाक पाण्यात टाकून गोळी कशी बांधते ते दाखवले आणि प्रत्येकाच्या हातावर गरम गूळ ठेवला.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या शाळेच्या आसपास अजून एखादे गुऱ्हाळ चालू असेल, तर या हंगामात मुलांना तिथे एकदा घेऊन जा. गुळव्याला आधी निरोप मात्र धाडा.