नव्या शाळेची जागा : हट्ट कोणाचा, सोय कोणाची?



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या मुलामुलींसाठी माध्यमिक शाळा काढावी, याविषयी आता दुमत उरलेले नाही. दुमत आहे ते जागेविषयी. शाळा हवी असे सगळेच म्हणतात. पण ती कोणत्या गावात, हा प्रश्न निघाला की सभा लांबते आणि निर्णय न होताच उठते. कोणी म्हणतो मशिदीजवळ हवी, कोणी म्हणतो स्टेशनजवळ हवी, आणि जिथे मोकळी जागा सुचवावी तिथले शेजारी म्हणतात, "आमच्याकडे नको." ह्या वादात माझे काही विचार आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी मी घेतो.

पहिला विचार अंतराचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. पुढे काय? नववी-दहावीसाठी त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवले होते. पण उद्दिष्ट म्हणजे हक्क नव्हे. म्हणून आठवीनंतर आपली मुलगी घरी बसते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिम मुलींच्या गळतीच्या कारणांत शाळेच्या अंतराचा उल्लेख केला आहे. बाप मुलीच्या शिक्षणाच्या विरुद्ध असतोच असे नाही. तो वाटेच्या विरुद्ध असतो.

आणि आपल्याकडची वाट कशी आहे, हे आपण जाणता. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता आणि मध्य रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशने त्याच एका पट्ट्यात. डोळखांब, किन्हवलीकडच्या मुलाला त्या पट्ट्याचा उपयोग बेताचाच. मुरबाडला तर रेल्वे नाहीच. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आणि एस. टी. हाच आधार. मुलींना एस. टी. चा प्रवास मोफत आहे, ही अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना फार चांगली आहे. परंतु पासला पैसे लागले नाहीत तरी गाडी वेळेवर यावी लागते, आणि फाट्यापासून घरापर्यंत चालावेच लागते. पावसाळ्यात काळू-शाईसारख्या नद्यांना पूर येतो, ओहोळ भरतात, साकव पाण्याखाली जातो. आम्हा शिक्षकांना हे हजेरीपत्रकावरून कळते. एका गावाची सगळी मुले एकाच दिवशी गैरहजर दिसली, की त्या बाजूला पाणी चढले असे समजावे.

म्हणून माझे म्हणणे असे, की जागा नकाशावर मध्यभागी आहे का, एवढेच पाहू नका. नदीच्या कोणत्या तीरावर ती आहे, हे पाहा. सर्वांत लांबच्या वस्तीतील तेरा-चौदा वर्षांची मुलगी श्रावणात तिथे पोचून दिवस मावळण्याआधी घरी येऊ शकेल का, हे पाहा. दुसरी परीक्षा मे महिन्यात घ्या. तानसा आणि भातसा ह्या तलावांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या जागेच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, तिथे मुलींची स्वच्छतागृहे चालणार नाहीत. आणि ती चालली नाहीत तर मुली टिकणार नाहीत.

ह्या बाबतीत आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही, त्या वस्तीच्या अंगणातच शाळा घेऊन गेल्या. आज देशभर रूढ झालेला अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीजवळ गेले. तिथली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभी राहिली. ह्या बाईंनी जागा ठरवताना गावातील वजनदार मंडळी कुठे राहतात हे विचारले नाही. मूल कुठे आहे हे विचारले. आपली माध्यमिक शाळा कुरणात भरवता येणार नाही हे खरे, पण हा प्रश्न आपल्यालाही विचारता येईल.

आता विरोधाविषयी. विरोध करणारा प्रत्येक जण शाळेचा शत्रू असतो, असे मी मानत नाही. विरोध मला तीन प्रकारचे दिसतात.

पहिला जमिनीचा. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या मंजुरीवाचून घेता येत नाही, आणि अशा गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. शेतकरी नसलेल्या संस्थेला शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळकायद्याखाली परवानगी लागते. सात-बाऱ्यावर वनाची नोंद असेल तर आणखी अडचण. गुरचरण असेल तर गावाची गुरे कुठे जातील, हा प्रश्न रास्त आहे. अशा जागी कोणी हरकत घेतली तर आपण रागावू नये. ती जागा सोडावी. कोणाच्या तोंडचा घास काढून बांधलेल्या वर्गात मुलांना इन्साफ शिकवता येणार नाही.

दुसरा विरोध संशयाचा. "ही शाळा त्यांची, आमच्या गावाला काय उपयोग?" ह्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही, प्रवेशाच्या रजिस्टरने देता येते. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तसेच कलम २९ सांगते, की सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेच्या कारणाने कोणाला प्रवेश नाकारू नये. आपण अनुदानाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी जाहीर करू या, की कुणबी, आगरी, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कोणाचेही मूल येवो, त्याला बाक मिळेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले ते सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवण्यासाठीच. गावाने त्यांना जमीन दिली, श्रम दिले, कारण शाळा आपली वाटली.

तिसरा विरोध आपल्याच माणसांचा, आणि तो सर्वांत कठीण. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला मदरसा काढला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले. त्यांनी कॉलेजसाठी इंग्रजी फौजेने सोडलेले कवायतीचे मैदान घेतले. १८७७ साली पाया घातला गेला आणि १९२० साली त्याचे विद्यापीठ झाले. आपल्याकडे फतवे नाहीत, आहे तो मानपान. माझ्या मोहल्ल्यात शाळा नाही तर माझी देणगी नाही, असे म्हणणाऱ्यास मी हात जोडून विचारतो : आपल्या मोहल्ल्यातील मूल चालत कुठेही पोचेल, पलीकडच्या तीरावरचे पोचेल का? इस्लामचा पहिला आदेश वाचण्याचा आहे, आणि तो एका मोहल्ल्यापुरता नाही.

पालकांनो, माझी विनंती छोटी आहे. सुचवलेल्या प्रत्येक जागेकडे ह्या पावसाळ्यात लांबच्या वस्तीतून पायी जा. मुलींना आणि त्यांच्या आयांना बरोबर घ्या, त्यांचे मत लिहून घ्या. शेजारच्या गावच्या ग्रामसभेत जाऊन हरकती ऐका. मग सात-बारा आणि ही टिपणे सभेपुढे ठेवून मतदान करा, आणि निकाल आपल्या मनाविरुद्ध गेला तरी पहिला दगड वाहायला या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मागून येणाऱ्या भावंडांसाठी हे चालले आहे. तुम्हीही त्या वाटेवर चालून या आणि वडीलधाऱ्यांना खरे सांगा.

इन्शाअल्लाह, शाळा उभी राहील. ती कोणाच्या दारात उभी राहिली हे पुढे कोणी विचारणार नाही. तिच्यातून किती मुली दहावी झाल्या, हे मात्र जरूर विचारले जाईल.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.