वावरातली माती मोजायची कशी?

(हिवरखेड येथे केलेले भाषण)



आज मातीविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, माती आम्हाला काय सांगता? आमचा जन्म वावरात गेला. ते खरेच आहे. पण एक गोष्ट विचारतो. कापूस आपण काट्यावर तोलतो. तूर पायलीने मोजतो. बँकेचे देणे पैशापैशाने मोजतो. मग आपल्या वावरातून दर साली किती माती वाहून जाते, ते कोणी मोजले आहे काय?

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेला पूर्णा नदी. जमिनीचा उतार डोंगराकडून नदीकडे. पावसाळ्यात नाला भरून वाहतो तेव्हा पाणी गढूळ दिसते. तो रंग पाण्याचा नव्हे. तो आपल्या वावराचा रंग आहे.

पाणी माती कशी नेते? आधी थेंबाकडे पाहा. जोराच्या पावसाचा मोठा थेंब तासाला ३० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आपटतो. त्याने ढेकूळ फुटते. बारीक माती उडते आणि जमिनीची बारीक भोके बुजवते. मग पाणी मुरत नाही, वरून वाहू लागते आणि फुटलेली माती सोबत घेऊन जाते. मिरगाच्या वेळी वावर वखरून मोकळे केलेले असते. अंगावर काही नसते. त्याच वेळी पहिली झोड येते. म्हणून सुरुवातीच्या पावसात फार माती जाते. पऱ्हाटी गुडघ्याला लागली की तोच थेंब आधी पानावर पडतो आणि त्याचा जोर मोडतो.

किती माती जाते? १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या दोन शास्त्रज्ञांनी साऱ्या देशाचा हिशेब मांडला. त्यांच्या मते दर हेक्टरी दर साली सरासरी १६ टनांहून थोडी जास्त माती जागा सोडते. आपल्या एकराला ती साधारण साडेसहा टन होते. बैलगाडीत १० क्विंटल भरले, तर साडेसहा गाड्या.

एकरभर जमिनीवर ही माती पसरली तर थर किती जाड होईल? जेमतेम सव्वा मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याहूनही पातळ! म्हणून ती गेलेली आपल्याला दिसत नाही. पण वीस वर्षांत एक इंच होतो आणि चाळीस वर्षांत दोन इंच. बापाचे वावर लेकाच्या नावावर येईपर्यंत वरची दोन बोटे सुपीक माती गेलेली असते. आणि एक इंच माती नव्याने तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. हा आकडा साऱ्या देशाच्या सरासरीचा आहे. उताराच्या बरडीवर जास्त जाईल, सपाट वावरात कमी जाईल.

ही माती जाते कुठे? त्याच हिशेबात तेही सांगितले आहे. १०० गाड्या निघाल्या तर २९ समुद्राला जातात. १० धरणांत बसतात. बाकीच्या ६१ एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर पडतात. कोणाच्या धुऱ्याला, कोणाच्या पांदणीत, कोणाच्या नाल्यात.

तुमच्या जवळचे वान धरण घ्या. त्याचे पाणी अकोट, तेल्हारा, शेगाव पितात. कोणत्याही धरणात गाळ बसला की तेवढी पाण्याची जागा कमी होते. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार ही योजना काढली. तलावातला गाळ काढायचा आणि वावरात टाकायचा. योजना चांगली आहे. पण गंमत पाहा. जी माती पाण्याने फुकट नेली, तीच आपण डिझेल जाळून परत आणतो.

आता मोजण्याची गोष्ट. उतारावर जमिनीचा एक पट्टा घेतात. त्याला चारी बाजूंनी आड घालतात, म्हणजे बाहेरचे पाणी आत येत नाही. खालच्या टोकाला टाके बांधतात. पाऊस पडला की टाक्यातले पाणी मोजायचे आणि त्यातला गाळ वाळवून तोलायचा. अमेरिकेत मिसुरी येथे १९१७ साली असे पट्टे आखले. पुढे तिथल्या ४९ ठिकाणांची अनेक वर्षांची मापे एकत्र केली आणि १९६५ साली विशमायर व स्मिथ या दोघांनी त्यांवरून एक सूत्र छापले. आज साऱ्या जगात ते वापरतात.

सूत्र अवघड नाही. तो एक गुणाकार आहे. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराचा चढ, वरचे पीक आणि मशागतीची रीत. या सहांचे आकडे एकमेकांना गुणले की दर साली किती माती जाईल त्याचा अंदाज येतो. पावसाचा जोर म्हणजे नुसता किती मिलिमीटर पडला ते नव्हे. तो किती वेळात पडला, हेही पाहतात. दिवसभर झिमझिम पडलेले ४० मिलिमीटर आणि अर्ध्या तासात कोसळलेले ४० मिलिमीटर, यांत मोठा फरक आहे.

गुणाकाराचा गुण तुम्हाला ठाऊक आहे. एक आकडा निम्मा केला की उत्तर निम्मे होते. पाऊस आपल्या हाती नाही. मातीचा स्वभाव सहज बदलत नाही. पण वरचे पीक आणि मशागत आपल्या हाती आहे. लांब उतार धुऱ्याने तोडता येतो. तिफन उताराच्या आडवी चालवली तर प्रत्येक तास एक लहानसा बांध होतो. उभी चालवली तर प्रत्येक तास एक नाली होते.

या सूत्रात एक उणीवही आहे. वावराच्या अंगावरून पसरून जाणारी माती ते सांगते. नाल्याकाठी पडणाऱ्या घळी ते सांगत नाही. पूर्णेच्या काठी खारपाणपट्ट्यात अशा घळी पुष्कळ आहेत. तिथल्या मातीत क्षार आहे. ओली झाली की ती विरघळल्यासारखी सुटते. तिथे नदीतला गाळही मोजावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेवर येरळी येथे केंद्रीय जल आयोगाचे असे मापन केंद्र आहे.

कोणी विचारील, मोजून काय होणार? ऐका. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला. त्याखाली मोठ्या प्रमाणावर बांधबंदिस्ती झाली. तेव्हा आपले वऱ्हाड त्या प्रांतात नव्हते. पण पुढे बांध आपल्याकडेही आले. हलक्या जमिनीत समपातळी बांधांनी चांगले काम केले. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी लवकर मुरत नाही. बांधामागे पाणी साचले. पीक पिवळे पडले. कुठे बांध फुटले आणि नवी घळ पडली. कित्येक शेतकऱ्यांनी पाणी काढायला आपल्या हाताने बांध फोडले. त्यांना अडाणी म्हटले गेले. माझ्या मते ते अडाणी नव्हते. वावर काय सांगते ते त्यांना दिसत होते, पण ते आकड्यांत मांडलेले नव्हते. बल्लारीला काळ्या जमिनीसाठी १९५४ साली संशोधन केंद्र निघाले. तेथे आणि इतर ठिकाणी मापे घेतल्यावर शास्त्रज्ञही तेच म्हणू लागले. भारी जमिनीत थोड्या ढाळीचे बांध घालावे आणि जादा पाणी गवताच्या वाटेने सावकाश बाहेर काढावे.

आपल्या जिल्ह्याचीही एक गोष्ट आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने चार राज्यांत पाणलोटाचे प्रयोग झाले. महाराष्ट्रातला प्रयोग मानोली येथे होता. मानोली तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आता वाशीम जिल्ह्यात आहे. तिथे मातीच्या बांधाऐवजी वाळ्याच्या गवताच्या आडव्या ओळी लावण्यावर भर होता. वाळ्याला खसही म्हणतात. पाणी गवतातून गाळून पुढे जाते आणि माती मागे राहते.

आज सरकार पैसा कुठे आधी द्यायचा ते नकाशे पाहून ठरवते. नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेने राज्याराज्यांचे धुपीचे नकाशे केले. त्यासाठी १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद अशा चौकटी घेतल्या. एका चौकटीत १०० चौरस किलोमीटर जमीन येते. त्यात किती गावे आली, तुम्हीच मोजा. राज्याचे धोरण ठरवायला तो नकाशा उपयोगी आहे. पण तुमच्या गावाच्या उत्तरेची बरडी आणि दक्षिणेची भारी जमीन त्यात वेगळी दिसेलच असे नाही. ते गावानेच दाखवायला हवे.

ते कसे? काही ठिकाणी खुंट्या रोवून माती किती उतरली ते पाहतात. काळ्या जमिनीत ही रीत फसवते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की बसते आणि भेगाळते. आपल्याकडे खड्डा बरा. उताराचे पाच गुंठे घ्या. भोवती वीतभर आड घाला. खालच्या टोकाला २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्डा खणा. शेजारीच तसेच आणखी पाच गुंठे घ्या. एकात पेरणी आडवी करा, दुसऱ्यात उभी. पीक एकच ठेवा.

खड्ड्यात ३० सेंटीमीटर गाळ बसला तर २ गुणिले १ गुणिले ०.३, म्हणजे ०.६ घनमीटर झाला. घनमीटरला १२ क्विंटल धरले तर सात क्विंटल. पाच गुंठ्यांचे सात, तर ४० गुंठ्यांचे ५६ क्विंटल. अगदी बारीक माती पाण्याबरोबर खड्ड्यावरून निघून जाते. म्हणून खरा आकडा याहून मोठा असतो. पण दोन खड्ड्यांतला फरक तुम्हाला चांगला कळेल. खड्डा भरत आला की आधी मोजा, मग उपसा. उपसलेली माती आपल्याच वावरात वरच्या बाजूला टाका.

वहीत पाच रकाने आखा. तारीख, पाऊस किती आणि किती वेळ पडला, आडव्या पेरणीचा गाळ, उभ्या पेरणीचा गाळ, आणि त्या दिवशी पीक केवढे होते. मिरगापासून दसऱ्यापर्यंत लिहा. मग ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि तिची नक्कल तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला द्या. पोच मागून घ्यायला विसरू नका.