धुराला किलोचा भाव



सुरतेत साडीच्या कापडावर रंग पक्का होतो तो वाफेवर, आणि ती वाफ कोळसा, लिग्नाइट जाळून करतात. त्या धुरांड्यांची बारीक धूळ आसपास राहणाऱ्या कामगारांच्या छातीत जाते. त्यांत जळगाव-धुळ्याहून पोटासाठी गेलेली आपली माणसं पुष्कळ आहेत.

नियम होताच: एका घनमीटर धुरात 150 मिलिग्रॅमच्या वर धूळ नको. अधिकारी अधूनमधून येऊन नमुना घेत. दोषी ठरलं तर खटला किंवा कारखान्याला टाळं. शिक्षा एवढी जबर, की ती क्वचितच होई. मर्यादेत राहणाऱ्याला आणखी धूळ अडवून काही मिळतही नसे.

2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने अर्थशास्त्रज्ञांना सोबत घेऊन सुरतेत धुळीचा बाजार मांडला. असा बाजार भारतात पहिलाच. योजनेतल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून महिन्याला 280 टनच धूळ सोडायची, ही सुरुवातीची मर्यादा. परवाने तेवढेच, 80 टक्के फुकट, बाकीचे लिलावात. जो धूळ अडवतो त्याचे परवाने उरतात, ते तो विकतो. ज्याला कमी पडतात त्याने किलोला 5 ते 100 रुपये भावाने घ्यायचे. तरीही कमी पडले, तर आधीच भरून घेतलेल्या अनामतीतून दंड कापला जातो.

पैसे भरा आणि खुशाल धूर सोडा, असा याचा अर्थ होत नाही का? नाही, कारण एकूण आकडा बांधलेला आहे. एकाने जास्त धूळ सोडली तर दुसऱ्याला तेवढी अडवावीच लागते. मात्र परवाने विकत घेणाऱ्या कारखान्याशेजारच्या वस्तीला झळ अधिक बसू शकते. तिथे जुना नियमही कडक हवा.

योजनेबाहेरच्या कारखान्यांशी ताडून पाहिलं, तेव्हा धूळ 20 ते 30 टक्के कमी निघाली आणि ती अडवण्याचा खर्चही उतरला. माझ्या मते धुरांड्यावर बसवलेल्या, सतत मोजणाऱ्या यंत्राशिवाय हे जमलं नसतं. माप खोटं असेल तर बाजारही खोटाच.

इचलकरंजीत, सोलापुरात, तारापुरात राहणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे: आपल्या भागातल्या धुरांड्यांची रोजची मोजणी होते का, ते आकडे कुठे पाहायला मिळतात, हे प्रदूषण मंडळाला लेखी विचारा.