वीस वर्षांचा फरक

मागे सतरंजीवर बसून या बाईंचं भाषण केव्हा आटपतंय याची वाट बघणाऱ्या मुला-मुलींनो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'यशस्वी उद्योजिका' असं छापलंय आणि खाली विषय दिलाय, 'लघुउद्योगातील संधी'. तळोजा एमआयडीसीत माझा प्रेस शॉप आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा आणायचा, पॉवर प्रेसवर कापायचा, वाकवायचा आणि गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवायचे. संधी भरपूर आहेत, पैसे मात्र नव्वद दिवसांनी मिळतात. झाला विषय.

कारण खरं सांगायचं तर शाळेच्या या आवारात पाऊल टाकलं आणि तयार केलेलं भाषण डोक्यातून गेलं. मी 1979 साली इथून दहावी झाले. तेव्हा कौलारू इमारत होती, पावसाळ्यात पाचवीच्या वर्गात मधोमध बादली ठेवलेली असायची. वडाळे तळ्याकडून येणारी आम्ही मुलं चिखलाने भरलेले पाय घेऊन वर्गात शिरायचो. पनवेल नगरपालिका 1852 सालची, म्हणून आमचे इतिहासाचे सर शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांइतक्याच अभिमानाने नगरपालिकेबद्दलही बोलायचे. रस्ते मात्र त्याच काळातले होते. आता महापालिका झाली, विमानतळ सुरू झालं. सर, तुम्ही पहिल्या रांगेत हसताय, म्हणजे रस्त्यांबद्दल तुमचंही मत माझ्यासारखंच दिसतंय.

तेव्हा शाळेला घंटा नव्हती. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा आणि शिपाईमामा त्याच्यावर लोखंडी गजाने टोले द्यायचे. मामा तेव्हा पन्नाशीचे असतील, मी अकरा-बारा वर्षांची. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा त्यांनी गज माझ्या हातात दिला आणि शिकवलं, मधोमध मारलास तर आवाज बसतो, टोकाजवळ मार आणि लगेच हात मागे घे. पुढे इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला कंपनांचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग पाठांतर करत होता, मला तो मामांच्या रुळामुळे आधीच कळला होता. तेच माझं पहिलं हेवी मेटल, असं मी हल्ली गमतीने म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, हेवी मेटल कुठून आलं? ते या वयात आलं, ते सांगते, आणि ते सांगताना तुम्हाला आज जी एकच गोष्ट सांगायची आहे तीही सांगते. प्रत्येकाचा एक तरी मित्र वयाने आपल्यापेक्षा निदान वीस वर्षांनी मोठा किंवा निदान वीस वर्षांनी लहान असायला हवा. नात्यातला नको, शिक्षक नको. मित्र हवा.

आमच्याकडे आयटीआयमधून एक मुलगा अप्रेंटिस म्हणून आला. नावड्याकडचा, अंगाने किरकोळ, रोज काळा टी-शर्ट आणि त्यावर कवटी. एकदा शॉप फ्लोअरवर त्याच्या कानात इअरफोन दिसला. प्रेस शॉपमध्ये इअरफोन म्हणजे आमच्याकडे अक्षम्य गुन्हा. मी फोन काढून घेतला, टेबलाच्या खणात टाकला आणि विचारलं, असं काय आहे रे त्यात, जे जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही? तो म्हणाला, "मॅडम, ज्याची बोटं प्रेसमध्ये गेली ना, त्याचं वाजवणं आहे."

प्रेस शॉप चालवणाऱ्या बाईला दुसरं काही सांगायलाच नको. मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं ऐकलं.

माणसाचं नाव टोनी आयोमी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला, जन्म 1948. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर निघायचं म्हणून त्याने नोकरी सोडली. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, धरलेलं काम पुरतं कर आणि मगच ये. त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नव्हती. याला त्या मशीनवर उभं केलं, जे त्याने कधी चालवलंच नव्हतं. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

मुलांनो, ती बाई त्या दिवशी का आली नव्हती हे मला अजून छळतं. घरी कोणी आजारी असेल, बस चुकली असेल. माझ्याकडच्या बायकांची एखाद्या दिवशी लोकल चुकते तेव्हा मी कुणालाही त्यांच्या मशीनवर उभं करत नाही. आणि आमच्या प्रेसला दोन हातांची बटणं आहेत. दोन्ही हात एकाच वेळी बटणांवर असल्याशिवाय पंच खाली येत नाही, म्हणजे एकही हात डायमध्ये असू शकत नाही. 'लघुउद्योगातील संधी' या विषयावर मला जे काही सांगायचं होतं त्यातलं हे सर्वात महत्त्वाचं. पुढे चला.

तर मुलगा घरी बसला. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. तेव्हा कारखान्याचा फोरमन त्याला भेटायला घरी आला. वयाने मोठा माणूस, हाताखालच्या पोराचं काय होतंय याची त्याला काळजी. बरोबर एक रेकॉर्ड आणली होती. आयोमी म्हणाला, मला गिटारच ऐकायची नाही. फोरमनने हट्ट धरला, ऐकच. मग त्याने सांगितलं, हा वाजवणारा जँगो राइनहार्ट, 1928 साली याच्या गाडीला आग लागली, तेव्हापासून डाव्या हाताच्या दोन बोटांनीच असं वाजवायचा.

बघितलंत? तो फोरमन आला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. आयोमीच्या बरोबरीचे मित्र आले असतील, वाईट झालं म्हणाले असतील. जँगोची रेकॉर्ड कोणाकडे असणार? जो जास्त वर्षं जगलाय, ज्याच्या घरी जुन्या रेकॉर्डी आहेत, त्याच्याकडे. म्हणून म्हणते, वीस वर्षांचा फरक!

मग या पोराने काय केलं ऐका, सगळ्या डायमेकरांनी ऐकण्यासारखं आहे. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्याचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडून बोटात बसेल असा केला, घासून घासून आकार दिला. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तार निसटते म्हणून जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा त्यावर चिकटवला. जाड तारा दाबताना दुखायचं, हलक्या तारा इंग्लंडात तेव्हा मिळत नसत, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे 1971 साली 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमच्या वेळी बऱ्याच गाण्यांत गिटारचा सूर तीन अर्धस्वर खाली उतरवला. तारा सैल, बोटांना आराम, आणि आवाज एकदम जाड, खर्जातला. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्यातला पुष्कळसा आवाज या दुखणाऱ्या बोटांमुळे तसा झाला आहे. वाद्यवृंदाचं नाव ब्लॅक सॅबथ. चौघेही ॲस्टनचे. गायक ऑझी ऑस्बॉर्न तर कारखान्यात गाड्यांचे हॉर्न लावून बघायचं काम करायचा. दिवसभर हॉर्न ऐकून कान कसे शाबूत राहतात ते कळंबोली सर्कलवाल्यांनाच माहीत.

ब्लॅक सॅबथ मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच, कळंबोलीला. जुलै महिना, पाऊस, पुढे ट्रेलरची रांग. मुलाने मला पहिला अल्बम फोनवर घालून दिला होता, 13 फेब्रुवारी 1970 ला आलेला. अख्खा अल्बम त्या चौघांनी एका दिवसात वाजवून काढला होता, हे विशेष. सुरुवातीला पावसाचा आवाज येतो, मग लांबून चर्चची घंटा. खरोखर सांगते, गाडीबाहेरचा पाऊस कोणता आणि आतला कोणता, कळेना. आणि मग गिटार.

आमच्या संगीताच्या बाई आज आल्या आहेत, नव्वदीच्या जवळ आहेत, तिथे उजवीकडे बसल्यात. बाई, तुमच्यासाठी सांगते. षड्ज, मग वरचा षड्ज, आणि तिथून खाली येऊन सरळ तीव्र मध्यमावर उभं राहायचं. बस, तीनच स्वर. तुम्ही प्रार्थनेच्या पेटीवर यमन शिकवलात, तोच तीव्र मध्यम. यमनात तो गंधार-पंचमाच्या सोबतीने येतो, म्हणून किती मायाळू वाटतो. इथे त्याला षड्जाजवळ एकटा सोडलाय. युरोपात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलेलं आहे. मी ट्रेलरच्या मागे बसून पेटीवर बोटं फिरवल्यासारखी स्टिअरिंगवर फिरवत होते. बाईंनी लावलेला कान इतक्या वर्षांनी उपयोगी पडला, तोही ब्लॅक सॅबथला. बाई मान हलवतायत. स्वर बरोबर ना बाई?

पालकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. सैतान वगैरे ऐकून घाबरू नका. यांची बहुतेक गाणी लिहिली बास गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरने, आणि 'वॉर पिग्ज' मध्ये तर त्याने घरात बसून दुसऱ्यांच्या पोरांना लढाईला पाठवणाऱ्यांना झोडपलंय. त्यांच्या सवयी मात्र घेण्यासारख्या नव्हत्या, हे मुख्याध्यापिका बाईंच्या समाधानासाठी स्पष्ट सांगते. ऑझीचा वटवाघळाचा किस्सा मला विचारू नका, तो घरी जाऊन शोधालच. आणि 2008 च्या 'आयर्न मॅन' सिनेमाच्या शेवटी जे वाजतं ते यांचंच, म्हणजे तुम्ही माझ्या आधीपासून ऐकताय.

ज्या काळात मी हे ऐकायला हवं होतं त्या काळात मी कुठे होते? मुंबईतच होते. 1986 साली धोबीतलावला रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला तेव्हा मी तेवीस वर्षांची, माटुंग्याला नोकरी. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये वडिलांसाठी नाट्यगीतांच्या कॅसेटी घ्यायला जायचे. बाजूच्या कप्प्यापुढे लांब केसांची मुलं उभी असायची, त्यांच्याकडे बघून मी पर्स घट्ट धरायचे. ते दुकान 2016 ला बंद झालं. 1 फेब्रुवारी 2008 ला हेवी मेटल वाजवणारे आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन वाजवून गेले, तो बोइंग चालवणारा त्यांचा गायक आणि सगळा ताफा, तेव्हा मी हप्ते फेडत होते. मला हळहळ नाही. तेव्हा मला ते सांगणारा वीस वर्षांनी लहान मित्र नव्हता, इतकंच. आमचा अप्रेंटिस तेव्हा तीन वर्षांचा असेल.

2025 साली 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथच्या चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यांच्या मोहल्ल्यापासून चालत जावं इतक्या अंतरावर. ऑझीला पार्किन्सन्स, उभं राहवेना, सिंहासनावर बसून गायला. आयोमी उभा होता, बोटांवर तशीच टोपणं. नंतर आम्ही ते रेकॉर्डिंग कँटीनमध्ये पाहिलं. अप्रेंटिस आता आमच्याकडे ऑपरेटर आहे. प्रेसवरच्या बायकाही थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, ह्याचे हात किती शांत आहेत." कार्यक्रमानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर आला, पण जेवला नाही. मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली. त्याच्या घरच्यांना तो का जेवत नाही हे समजावून सांगता आलं नसतं. मला सांगावंच लागलं नाही.

आता तुम्ही मुलं म्हणाल, आमचे मित्र आहेत की वर्गात पन्नास. ते पन्नास तुमच्यासारखेच आहेत हो! एकच रील, एकच क्लास, परीक्षेची एकच भीती. नापास झालात तर ते घाबरतील, कारण तेही कधी नापास होऊन पुन्हा उठलेले नाहीत. तुमच्या गल्लीत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर असेल, लाईन आळीत एखादा घड्याळं दुरुस्त करणारा असेल, त्याच्याकडे जाऊन बसा. त्याला तुमचं गाणं ऐकवा, त्याचं ऐका. आणि पालकहो, तुम्हीही. सोसायटीतल्या पोराला विचारा, काय ऐकतोस रे? आणि त्याने सांगितलं तर तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत ऐका. अध्यक्ष साहेब, तुम्हीसुद्धा. तुमचा नातू मागे बसलाय, त्याला नका विचारू, तो नात्यातला आहे. त्याच्या शेजारच्याला विचारा.

देणगीबद्दल मुख्याध्यापिका बाईंनी सकाळी हळूच विचारलं होतं. चेक देणार नाही. संगीताच्या खोलीत एक रेकॉर्ड प्लेअर आणि चांगले स्पीकर पाठवते, पुढच्या सोमवारी गाडी येईल. सोबत काही रेकॉर्डी असतील, वसंतराव देशपांडे, जँगो राइनहार्ट, ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम. अट एकच. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती खोली उघडायची आणि दोघांनी मिळूनच आत जायचं, त्यांच्या वयात निदान वीस वर्षांचा फरक असला पाहिजे. वहीत दोघांची नावं आणि जन्मसाल लिहायचं. पहिल्या शनिवारी संगीताच्या बाई येतील, त्यांनी आत्ताच हात वर केलाय. त्यांच्याबरोबर नववीतलं कोण? तो मागचा, काळ्या टी-शर्टवर गणवेशाचा शर्ट घातलेला? ये, नाव दे. आवाज किती ठेवायचा ते बाई ठरवतील.

कोळी नृत्याच्या मुली केव्हाच्या टोपल्या घेऊन पडद्याआड उभ्या आहेत, त्यांना येऊ द्या.