इंग्रजी शब्दसंपत्ती आणि शब्दांची कुळे
(भाषणाचा मजकूर)



फोपनारच्या भूमीतून 1960च्या दशकात भगवान बुद्धांच्या प्राचीन कांस्यमूर्ती मिळाल्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या, आणि विद्वानांनी त्यांविषयी जे लिहिले ते बहुतांशी इंग्रजीत. ज्या गावाच्या मातीत ही संपदा सापडली, तेथील विद्यार्थ्यापुढे असे एखादे वर्णन ठेवले, तर तो दुसऱ्या ओळीतच अडण्याचा संभव असतो. व्याकरण त्याला येते. परंतु ‘पेडेस्टल’, ‘इन्स्क्रिप्शन’, ‘डोनर’ असे शब्द वाट अडवितात.

शब्द वाढवावयाचे म्हणजे कोश पाठ करावयाचा, ही समजूत खुळी आहे. शब्दांचीही कुळे असतात. ‘इन्स्क्रिप्शन’ याचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ लिहिणे. धातूवर वा शिळेवर कोरलेला लेख तो इन्स्क्रिप्शन. हस्तलिखित पोथी ती मॅन्युस्क्रिप्ट. औषधापूर्वी वैद्य लिहून देतो ती चिठ्ठी प्रिस्क्रिप्शन. यादीखाली नाव लिहून कबूल केलेली वर्गणी सबस्क्रिप्शन. एका मुळाने चार शब्द हाती येतात.

मराठी विद्यार्थ्यास आणखी एक सोय आहे. ‘पेडेस्टल’ म्हणजे मूर्तीची बैठक. त्यातील ‘पेड’ हा संस्कृत ‘पद’ याचा दूरचा सोयरा. सायकलचे पेडल आणि पायी चालणारा पेडेस्ट्रियन त्याच घरचे. ‘डोनर’ व ‘दान’ यांचेही गोत्र एकच. मात्र केवळ रूपसादृश्यावर विसंबू नये. बालरोगतज्ज्ञास पेडिअॅट्रिशियन म्हणतात. तेथील ‘पेड’ ग्रीक, मूल या अर्थाचा. पायाशी त्याचा काही संबंध नाही! संशय येताच कोश उघडावा, तो यासाठी.

कॅप्टन मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या साहाय्याने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्यात नुसते अर्थ नाहीत; शब्द बोलण्यात कसा येतो, हेही ठिकठिकाणी दाखविले आहे. इंग्रजी शब्द याच रीतीने टिपावेत. वहीत शब्द एकटा उतरवू नये; तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे, त्याखाली त्याचे भाऊबंद, आणि चार दिवसांनी स्वतः रचलेले एक वाक्य. दिवसास तीन शब्द पुरेत. पंचवीस घेणाऱ्याची वही आठवड्यात फडताळात जाते.

शिक्षकांनी प्रारंभ या मूर्तींच्या वर्णनातील एखाद्या परिच्छेदापासून करावा. विद्यार्थ्याने तो कोशाच्या आधारे वाचावा, आणि त्याच संध्याकाळी घरी आजीला मराठीत सांगावा.